हिशेब मागितला की बंद

पूर्णपणे बिघडलेल्या यंत्राला समाजात एक प्रतिष्ठा असते. ते उचलून दुकानात नेता येते, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवता येते आणि अगदीच उपाय नसेल तर भंगारात देऊन विषय संपवता येतो. अधूनमधून बिघडणाऱ्या यंत्राच्या बाबतीत यातले काहीच जमत नाही, कारण ज्याच्याकडे तक्रार घेऊन जावे त्याच्यासमोर ते कमालीच्या सालसपणे चालते आणि मग संशय यंत्रावरून उठून ते वापरणाऱ्यावर येऊन बसतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा संगणक या दुसऱ्या जातीचा निघाला, आणि तो संस्थेचा असल्यामुळे त्याच्या बंद पडण्याला तांत्रिक बाजूबरोबरच एक नैतिक बाजूही ताबडतोब प्राप्त झाली.

आमच्या संस्थेला कार्यालय नाही. नकाशात कार्यालय म्हणून दाखवलेल्या खोलीत प्रत्यक्षात पाण्याचा पंप राहतो, त्यामुळे संगणक खजिनदाराच्या घरी ठेवावा असा ठराव झाला. आणि संपूर्ण इमारतीत बँकेतून निवृत्त झालेली एकच व्यक्ती असल्याने खजिनदारपद माझ्याकडे, आणि म्हणून संगणकही माझ्याकडे, अशी ती वाट होती. सहकारी संस्थांचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, लेखापरीक्षण 31 जुलैपर्यंत पूर्ण व्हावे लागते आणि वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे खजिनदाराला संगणकाची सर्वाधिक गरज ज्या दिवसांत असते ते दिवस जून आणि जुलै हे होत. आमच्या रत्नागिरीला वर्षाकाठी जो तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याचा मोठा हिस्सा याच दोन महिन्यांत पडतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंका मला सुरुवातीला आली नाही, आणि माझ्या मते कोणालाही आली नसती.

संगणक बंद पडण्याची रीत अशी होती. मी एक्सेलमध्ये पावत्यांच्या नोंदी करीत बसलेली असे. पंखा एकसुरात घरघरत असे. आणि काहीही न सांगता, निळा पडदा नाही, इशारा नाही, कुरकुर नाही, घरघर एकदम थांबे. मॉनिटर मात्र जागा राहून ‘नो सिग्नल’ ही अक्षरे पडद्यावर इकडून तिकडे फिरवीत बसे. एक्सेल आपल्या मनाने दर दहा मिनिटांनी फाइलची प्रत राखून ठेवते हे खरे. परंतु संगणक नेमका नवव्या मिनिटाला बंद पडतो आणि पंपाच्या दुरुस्तीपासून जिन्यातल्या बल्बपर्यंत केलेल्या सर्व नोंदी पुन्हा कराव्या लागतात, हा माझा अनुभव आकडेशास्त्राला मान्य नसला तरी कोणत्याही खजिनदाराला मान्य होईल.

विषय कार्यकारी समितीच्या सभेत गेला. अध्यक्षांना जुन्या खर्चाची काही व्हाउचरे पाहायची होती, म्हणून सभा आमच्याच दिवाणखान्यात भरली होती. मी एकेक व्हाउचर काढून देत होते आणि त्याची नोंद पडद्यावर दाखवीत होते. रंगकामाच्या व्हाउचरापाशी संगणक बंद पडला. तो सुरू केला, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे व्हाउचर काढले, आणि तो पुन्हा बंद पडला. अध्यक्ष अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. ते एवढेच म्हणाले, “वहिनी, तुमच्यावर कोणाचाही अविश्वास नाही. पण हिशेब मागितला की हा बंद पडतो, हे आपलं माझं निरीक्षण.” सचिवांनी ते निरीक्षण इतिवृत्तात घेतले. ‘संगणक अधूनमधून, विशेषतः व्हाउचर मागितल्यावर, बंद पडतो, यावर सविस्तर चर्चा झाली,’ हे वाक्य संस्थेच्या दप्तरात आजही आहे.

त्यानंतर निदानांचा पाऊस सुरू झाला. माणसाला जे ठाऊक असते तोच रोग त्याला समोरच्यात दिसतो, याचा मला त्या दिवसांत भरपूर पुरावा मिळाला. आमच्या घरातल्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, वीज गेली तरी संगणक चालू ठेवणाऱ्या यूपीएसवर आरंभापासूनच राग होता. आतली बॅटरी बारा व्होल्टची असते, ती दोन-तीन वर्षांत मरते आणि मेली तरी हिरवा दिवा लावून बसते, असे त्यांचे म्हणणे. आणि ते चूक नव्हते. त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. यूपीएसने टीं टीं केले, संगणक चालूच राहिला. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली, संगणक चालूच राहिला. शेवटी जेवायची वेळ झाली म्हणून त्यांनी बटण पुन्हा लावले. “बॅटरी चांगली आहे,” असे त्यांनी ज्या स्वरात सांगितले तो स्वर सहसा वाईट बातमीसाठी राखून ठेवलेला असतो. मी मॉनिटरकडे बोट दाखवून एवढेच विचारले की, अहो, यूपीएसच दगा देत असता तर त्याच यूपीएसवर चालणारा हा मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणायला तरी जागा कसा राहिला असता? यावर त्यांनी, संगणकाला जास्त करंट लागतो, असे उत्तर देऊन वर्तमानपत्र उघडले.

इलेक्ट्रिशियनने पाहताक्षणी अर्थिंगचे नाव घेतले. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग धड मिळत नाही, खड्ड्यात मीठ आणि कोळसा नव्याने भरावा लागेल, असे त्याने सांगितले. मीटर लावून पाहिले तेव्हा दाब दोनशे तीसच्या आसपास स्वस्थ होता. पण त्याने खड्ड्याविषयीचे मत बदलले नाही. पुण्याचा माझा भाचा संगणकक्षेत्रातच असल्यामुळे त्याने फोनवरून अधिक आधुनिक रोग सुचवले. “मावशी, तू बायोस अपडेट केलंस का?” असे तो विचारी. बायोस म्हणजे मदरबोर्डवर, अर्थात आतल्या मुख्य फलकावर, साठवलेली यंत्र सुरू करणारी आज्ञावली. ज्या यंत्राचा पुढच्या पाच मिनिटांचा भरवसा नाही, त्याचा बायोस बदलायला घ्यायचा आणि मधेच ते बंद पडले तर मदरबोर्ड कायमचा निकामी व्हायचा, हे त्यालाही ठाऊक होते. पण सल्ला देणाऱ्याला ही गोष्ट दरवेळी आठवेलच असे नाही.

अखेर सीपीयू दुकानात गेला. (उभ्या डब्याला सीपीयू म्हणू नये, सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, असे भाच्याचे म्हणणे असते, रत्नागिरीत त्या डब्याला सीपीयू न म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.) दुकानदाराने तो आडवा केला, बाजूची पत्री काढली आणि ब्लोअर मारला. आतून जी धूळ निघाली तिच्यात आमच्या भिंतींचा मागचा रंगही ओळखता आला. मग त्याने रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवला, प्रोसेसरवरची वाळून पापडी झालेली जुनी पेस्ट खरवडली, नवी पेस्ट लावली, आणि “आता बघा, काकू,” म्हणाला. प्रोसेसर तापून शंभर अंशांच्या घरात गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो, हे त्याने समजावून सांगितले. समजावणी चांगली होती. तापमान पन्नासच्या पुढे जात नव्हते ही एवढीच तिच्यातली अडचण. संगणक त्याच्याकडे दिवसभर चालला. घरी आणल्यावर संध्याकाळीच बंद पडला.

दुसऱ्या फेरीत एसएमपीएस गेला. ‘एसएमपीएस गेला’ हे निदान ज्याने कधी ऐकले नाही त्याच्याकडे संगणक नसावा. भिंतीतल्या विजेचे बारा, पाच आणि साडेतीनच्या आतबाहेर अशा व्होल्टमध्ये रूपांतर करणारी ही पेटी. पिवळ्या तारेवर बारा, लाल तारेवर पाच, नारिंगीवर तीन पूर्णांक तीन. पिवळ्या तारेवरचा दाब 11.4 ते 12.6 या मर्यादेत असला की ठीक समजतात. माझ्यासमोर मल्टिमीटरने 12.1 दाखवले. “दाखवतोय बरोबर, पण लोडवर पडत असणार,” असे म्हणून दुकानदाराने नवा एसएमपीएस बसवला, जुना स्वतःकडे ठेवून घेतला आणि अकराशे रुपयांचे बिल संस्थेच्या नावाने केले. बिलावर जुन्या पेटीचा उल्लेख नव्हता. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. पण तेव्हा माझे लक्ष संगणकाकडे होते. तो नव्या पेटीवरही दुकानात सुरळीत चालला आणि आमच्या घरी, अध्यक्ष पाणीपट्टीचे व्हाउचर पाहायला आले असताना, बंद पडला. अध्यक्ष काही बोलले नाहीत. त्यांनी चहाही घेतला नाही.

आता दुकानदाराने अंतिम उपाय सुचवला तो ‘फॉरमॅट मारण्याचा’. हा उपाय मला मान्य नव्हता, आणि कारण तांत्रिक नव्हते. ज्या खजिनदाराच्या संगणकाविषयी इतिवृत्तात असे वाक्य आहे, तिने लेखापरीक्षणाच्या तोंडावर त्याच संगणकातला सगळा मजकूर पुसून काढला, हे वाचणाऱ्याला काय वाटले असते?

म्हणून मी संगणकाची स्वतःची जबानी घ्यायचे ठरवले. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. यंत्रात घडलेल्या बारीकसारीक घटना वेळेसह तीत उतरत असतात. सिस्टिमच्या यादीत लाल खुणेने एक नोंद वारंवार आलेली होती: कर्नल-पॉवर, क्रमांक 41. तिचा आशय असा की, यंत्रणा आधी नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाली. मृत्यूचे कारण ‘मरण पावल्यामुळे’ असे लिहिणाऱ्या पंचनाम्याइतकीच ही माहिती उपयुक्त होती, आणि बहुतेक लोक इथेच नोंदवही मिटतात. परंतु मी खतावण्या तपासण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. गोषवाऱ्यात कधी काही सापडत नाही, तपशिलात सापडते. ‘डिटेल्स’ उघडले तेव्हा आत एक छोटी यादी निघाली. ‘बगचेक कोड’ शून्य होता; म्हणजे निळ्या पडद्यापर्यंत नेणारी विंडोजची चूक नव्हती. त्याच यादीत आणखी एक ओळ होती: ‘पॉवर बटन टाइमस्टॅम्प’. वीज गेली किंवा एसएमपीएसने मान टाकली तर ही ओळही शून्य राहते. आमच्याकडे तिथे लांबलचक आकडा होता. मागच्या नोंदी पाहिल्या. तिथेही आकडा होता. त्याचा अर्थ सरळ होता. संगणक बंद पडत नव्हता, कोणीतरी बटण दाबून धरून त्याला बंद करीत होते.

बटण दाबून धरण्याचीही एक राज्यघटना आहे. मी नोकरीला होते तेव्हाच्या जुन्या संगणकांना खटक्याचे खरे बटण असे. विंडोज 95 आधी ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशी परवानगी देई आणि मग आपण खटका ओढून वीज तोडत असू. पुढे बटणाचा हा अधिकार गेला. आजचे बटण वीज तोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त विनंती करते, आणि त्या विनंतीचे काय करायचे ते विंडोज ठरवते. मात्र इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 साली एसीपीआय नावाची जी नियमावली केली, तीत बटणासाठी एक अंतिम अधिकार राखून ठेवला: बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरले की विंडोजला काहीही वाटो, यंत्र बंद. आमच्या संगणकाचे बटण डब्याच्या माथ्यावर आहे आणि त्यात निळा दिवा आहे. गेल्या दिवाळीत नातीला त्या निळ्या दिव्याचे इतके वेड लागले की मुलाने कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘बटण दाबल्यास काहीही करू नये’ अशी आज्ञा देऊन ठेवली. म्हणजे बटण चुकून दाबले गेले तर पडद्यावर अवाक्षरही उमटणार नव्हते. चार सेकंद शांतता आणि मग एकदम अंधार.

नात नाशिकला होती. घरात आम्ही दोघेच. मी यजमानांकडे पाहिले.

“अगं, मी कशाला दाबीन?” ते म्हणाले. “माझा संशय यूपीएसवर आहे, बटणावर नाही.” हा बचाव वकिलाने लिहून दिला असता तरी याहून चांगला झाला नसता. तरीही मी त्यांना समोर खुर्चीवर, दोन्ही हात दिसतील असे बसवले आणि काम सुरू केले. लिफ्टच्या देखभालीचे व्हाउचर हवे होते. टेबलाचा ड्रॉवर ओढला, व्हाउचर काढले, ड्रॉवर ढकलला, चष्मा लावला, रक्कम वाचली. संगणक बंद पडला. यजमानांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मी खाली वाकून बटणाकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच मी त्याच्याकडे न दाबता पाहत होते. त्याची एक कड डब्याच्या माथ्याच्या पातळीत होती आणि दुसरी नखाच्या जाडीएवढी खाली रुतलेली होती. फटीत काळी, दमट धूळ घट्ट बसलेली होती. बटणाखाली प्लॅस्टिकची जी लवचीक पाती असते आणि जी त्याला वर उचलून धरते, तिच्यातली लवचीकता संपलेली होती. मी नखाने कड उचलली तशी ती ‘टिक्’ करून वर आली. मग मी ड्रॉवर ओढला आणि ढकलला. पावसाळ्यात तो फुगतो; सागवानी असल्याचे सांगून विकलेल्या लाकडाचे सागवान किती हे आमच्याकडे दर जुलैला कळते, आणि तो बंद करायला गुडघ्याचा हिसका द्यावा लागतो. हिसका बसला, टेबल हादरले, टेबलाच्या कप्प्यात ठेवलेला सीपीयू हादरला, आणि बटणाची ती कड माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या वजनाने खाली जाऊन बसली. संगणक आधीच बंद असल्यामुळे या वेळी कड बसताच तो सुरू झाला. एक, दोन, तीन, चार. घरघर थांबली.

अध्यक्षांचे निरीक्षण अक्षरशः खरे होते. व्हाउचर मागितले की ड्रॉवर उघडावा लागे, ड्रॉवर उघडला की तो बंद करावा लागे, आणि तो बंद केला की चार सेकंदांनी संगणक बंद होई. ती चार सेकंदे चष्मा लावण्यात जात असल्यामुळे कार्य आणि कारण यांची गाठ कधी पडत नव्हती. हिशेब मागणे आणि संगणक बंद पडणे यांच्यात खरोखरच संबंध होता. फक्त त्यांच्या मनात होता तो नव्हता. पुन्हा सुरू करायला मी बटण जोराने दाबी, त्या जोराने ते सुटून वर येई, आणि पुरावा दरवेळी माझ्याच बोटाखाली नाहीसा होई.

दुकानात काय होत होते तेही मग दुसऱ्या दिवशी समजले. तिथला मुलगा घरी आला तेव्हा मी त्याला विचारले की, तुम्ही संगणक दुकानात कसा सुरू करता. “बटणाची वायर काढूनच ठेवतो आम्ही, काकू. स्क्रूड्रायव्हर लावायचा पिनांना,” तो म्हणाला. म्हणजे डबा टेबलावर आडवा, बटणाची वायर निघालेली, आणि मदरबोर्डवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून यंत्र चालू. रॅम, पेस्ट, एसएमपीएस या सगळ्यांची कसून तपासणी झाली होती. ज्याची करायची त्याला तपासणीच्या वेळी खोलीबाहेर उभे केलेले होते.

नवे बटण मिळणार नव्हते, कारण त्या डब्याचे उत्पादन बंद झालेले होते. पण मुलगा हुशार निघाला. मोठ्या बटणाजवळच एक बारीक रिसेटचे बटण असते, जे कोणी कधी दाबत नाही. मुलाने त्याची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावली आणि मोठ्या बटणाची वायर मोकळी करून दोरीने बांधून टाकली. आता संगणक रिसेटच्या बटणाने सुरू होतो. ते इतके बारीक आहे की त्याला बोट पोचत नाही, बंद पेनाचे टोक लागते. मुलाने काम दहा मिनिटांत केले आणि पैसे घेतले नाहीत, त्यामुळे त्याचे व्हाउचर झाले नाही. यजमानांनी ड्रॉवरच्या कडांना मेणबत्ती घासली. संगणक त्या दिवसापासून बंद पडलेला नाही. मी तो मुद्दाम, ड्रॉवर आपटून आपटून, अध्यक्षांसमोर चालवून दाखवला. त्यांनी चहा घेतला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लेखापरीक्षक आले. मी आतून कागद आणायला गेले तेवढ्यात त्यांनी स्वतः होऊन संगणक सुरू करण्यासाठी माथ्यावरचे मोठे बटण दाबले, पुन्हा दाबले, दाबून धरले, आणि मी बाहेर आले तेव्हा गंभीरपणे म्हणाले, “मॅडम, तुमचा संगणक पूर्ण बंद पडलाय.” मी पेनाचे टोक बारीक बटणाला लावले. संगणक सुरू झाला. त्यांनी पेनाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले. पुढे त्यांनी इतिवृत्त वाचले, त्यातले ते वाक्य वाचले आणि पुन्हा काहीतरी लिहिले. हिशेब पैशापैशाला जुळले. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

अहवालात दोन दोष आहेत. पहिला: एसएमपीएस नवीन खरेदी केला, परंतु जुन्याची विल्हेवाट व भंगारमूल्य दप्तरी नोंदलेले नाही. दुसरा: संस्थेचा संगणक चालू करण्याची पद्धत फक्त खजिनदारांस अवगत आहे; ती लेखी स्वरूपात ठेवावी. लेखापरीक्षणात दोष निघाले की संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल सादर करावा लागतो, आणि तो खजिनदाराने तयार करायचा असतो. पहिल्या मुद्द्यासाठी मी दुकानात गेले होते. जुना एसएमपीएस कोणा गिऱ्हाइकाच्या संगणकात बसवला आहे आणि उत्तम चालतो आहे, असे दुकानदाराने मला अभिमानाने सांगितले.